तू आधी वाच

चिमीनं पान उलटलं तेव्हा दोन पानं एकदम उलटली गेली. पवित्र शास्त्राचा, बायबलचा, कागद पातळ, एकमेकाला चिकटणारा. स्तोत्र लांबलचक होतं. त्याचा उरलेला भाग त्या चिकटलेल्या पानातच राहिला. पण चिमी अडखळली नाही. तिचं बोट आता भलत्याच स्तोत्राच्या ओळींखालून सरकत होतं, आणि तोंडातून मात्र आधीचंच स्तोत्र बिनचूक येत होतं.

आईला ते दिसलं, कारण ती शेजारी बसली होती. समोर आत्या डोळे मिटून ऐकत होती, उपासनेत बसावं तशी.

आत्या शाळेत शिकवायची. भावाच्या या सात वर्षांच्या मुलीसाठी तिनं आपल्या शाळेत एक जागा अडवून ठेवली होती, आणि आज ती काय तो सोक्षमोक्ष लावायला आली होती. मुलांना घरीच शिकवायचं, हा हट्ट आईचा. ‘देवानं पोरं माझ्या पदरात टाकली, तुमच्या शाळेतल्या बाईंच्या नाही,’ असं मागे याच टेबलापाशी तिनं आत्याला सुनावलं होतं.

टेबलाखाली धाकटा बारक्या फरशीवर खडूनं रेघा ओढत होता. वडील दाराच्या चौकटीला टेकून उभे होते. त्यांनी बायकोकडे बघून भुवया उडवल्या. जिंकलीस, असं त्यांना म्हणायचं होतं.

स्तोत्र संपलं. आत्यानं डोळे उघडले. “शाबास गं माझी पोर. आमच्या चौथीतल्या मुलांना एकेक शब्द वाचताना घाम फुटतो.”

“चहा टाकते,” म्हणत आई उठली. “चिमे, चल, कप काढायला ये.”

आधण ठेवून तिनं फळीवर अंथरलेलं वर्तमानपत्र डब्यांखालून ओढलं. तुकडा फाटून हातात आला. तो तिनं ओट्यावर पसरला.

“वाच.”

चिमीनं सगळ्यात मोठ्या ओळीखाली बोट ठेवलं आणि ती आईकडे बघत राहिली.

“वाच ना.”

“तू आधी वाच.”

“नाही, तू. हे पहिलं अक्षर कोणतं?”

चिमी हसली. आई गंमत करतेय असं तिला वाटलं. “असं कुठं असतं? तू आधी, मग मी.”

तसंच तर होतं. आई एक ओळ वाचायची, चिमी बोट ठेवून तीच ओळ म्हणायची. बारक्या पायाला लोंबकळायचा, दूध उतू जायचं, भिजवलेले कपडे तसेच राहायचे. दिवसभरात एवढी एकच गोष्ट सुरळीत व्हायची. पोरीचा आवाज कानावर पडला की आईला वाटायचं, नाही, आपलं चुकलेलं नाही. मधलीच एखादी ओळ काढून, ही वाच, असं तिनं कधी म्हटलं नव्हतं. सुचलं नव्हतं असं नाही. हिंमत झाली नव्हती.

चहा फसफसून वर आला. तिनं गॅस बारीक केला. गप्प राहिलं तर कुणाला कळणार नव्हतं. उद्यापासून पहिल्या अक्षरापासून बसू दोघी. कागदाचा बोळा करून तिनं डब्यामागे सारला आणि कप भरले.

बाहेर आत्या हातात फोन घेऊनच बसली होती. “मी हरले बाई. उगाच तुला टोचून बोलले. एक बाई त्या जागेसाठी कधीच्या मागे लागल्यात. त्यांना आत्ताच सांगून टाकते, म्हणजे माझ्याही डोक्याला ताप नको.” मग कप पाहून ती थांबली. “आधी प्रार्थना. तू कर गं, आज तुझा मान.”

सगळ्यांनी डोळे मिटले. बारक्यासुद्धा टेबलाखालून बाहेर येऊन हात जोडून उभा राहिला.

“हे दयाळू बापा,” आई म्हणाली, “आजच्या दिवसासाठी आम्ही तुझे आभार मानतो.” पुढचं वाक्य तिच्या ओठांवर येण्याआधीच तिला ते शेजारून ऐकू आलं. हलक्या आवाजात, तिच्या एक शब्द पुढे. तिनं डोळे उघडले. चिमीचे ओठ हलत होते.

आई थांबली. चिमी थांबली नाही.

“लेकरांना तुझ्या मार्गानं ने,” ती म्हणाली, “आणि मला...” इथं तिनं आवंढा गिळला, आवाज जरासा कापला, “मला बळ दे, बापा, मी फार थकले आहे.”

आवंढ्याची जागासुद्धा तिला पाठ होती.

“आमेन,” वडील म्हणाले. आत्यानं रुमालानं डोळे टिपले. “एवढीशी पोर, आणि आईसाठी कसं मागते बघ,” म्हणत तिनं फोन कानाला लावला.

आईनं हात लांब करून आत्याचं मनगट धरलं.

“ताई, नका सांगू त्यांना. हिला वाचता येत नाही.”

वडील हसले. मग त्यांनी बायकोचा चेहरा पाहिला.

“काहीतरीच काय,” आत्या म्हणाली. “आत्ताच तर वाचलं तिनं.”

“सगळं पाठ आहे, ताई. अक्षर एक येत नाही.”

चिमीनं आईकडे पाहिलं, मग टेबलावरच्या उघड्या पानाकडे. ती रडली नाही. तिला नुसतं समजत नव्हतं.

“मग आपण रोज काय करतो, आई?”