छपराखालची माणसं

"काल रात्री तुमच्या छपराखाली किती माणसं झोपली?"

पोरीने कागदावरचा प्रश्न जसाच्या तसा वाचला. शेजारच्या खुर्चीत ऑफिसच्या मॅडम मोबाईलवर वेळ लावून बसल्या होत्या. आज तिची परीक्षा होती. एका फोनला चार मिनिटं, त्याच्या वर गेलं की गुण कापायचे.

"सहा," पलीकडून बाई म्हणाली.

"नावं सांगा, मावशी."

बाईने सांगितली. सासूचं, नवऱ्याचं, स्वतःचं, दोन मुलींचं आणि शेवटी धाकट्या मुलाचं. पोरीने स्क्रीनवरची यादी पाहिली. नावं तीच सहा होती, पण पूरग्रस्तांच्या छावणीतल्या गेल्या मोजणीत त्या तंबूत पाचच डोकी भरली होती.

"धाकटा आत्ता तिथे आहे का?"

"येईल की."

"आत्ता आहे का?"

बाईच्या मागे कुणीतरी बादली आपटली, कुणी पोराला दटावलं. तीन आठवडे ती हेच ऐकत होती. तिकडची माणसं घर मोजताना कुणाला वजा करत नाहीत. गेलेला असो, हरवलेला असो, तो मोजायचाच. जगभर मदत पाठवणाऱ्या एवढ्या मोठ्या ऑफिसला हा घोळ कळला नव्हता. तो पकडला हिने, परक्या देशात शिकायला आलेल्या, तीन महिन्यांच्या इंटर्नने. चारशे माणसांच्या त्या इमारतीत छावणीतल्या माणसांची बोली येणारी ती एकटीच. सगळ्यांनी पाठ थोपटली. दोनशे बारा नावं तिने यादीतून काढून दिली होती. पहिल्या पन्नासांपर्यंत तिला अभिमानही वाटला. अभिमान! आता काय म्हणावं याला.

"पाणी चढलं तेव्हा शेजारच्या म्हातारीला आणायला गेला तो," बाई म्हणाली. "म्हातारी आली. हा म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, मी आलोच. दोन महिने झाले."

"मावशी, मग माझ्या कागदाप्रमाणे पाचच होतात."

"अगं, नाव खोडलंस आणि उद्या तो आला तर? यादीत नाव नसलं की फाटकावर आत घेत नाहीत. परवा एकीचा बाप तीन दिवस तारेच्या बाहेर बसून होता. तो तरी आरडाओरडा करणारा. माझं लेकरू भारी बुजरं आहे गं. भांडायचं नाही. नाही म्हणाले की मुकाट्याने मागे फिरेल."

मॅडमनी तीन बोटं वर केली. तीन मिनिटं झाली होती.

पोरीला 'सहा' लिहिता आलं असतं. मॅडमना यातलं ओ की ठो कळत नव्हतं. पण शनिवारी छावणीत डोकी मोजायला माणूस जायचा. आकडा जुळला नाही की फोन करणाऱ्याच्या नावासमोर लाल खूण. दोन खुणा झाल्या की इंटर्नशिप तिथेच बंद. मग कॉलेज वर्ष धरणार नाही, आणि वर्ष गेलं की व्हिसाही गेला. तिची एक खूण आधीच झाली होती. मागच्या आठवड्यात एका आजोबांनी वाहून गेलेली बायको मोजली होती, आणि हिच्याच्याने त्यांना 'नाही' म्हणवलं नव्हतं.

"ऐकतेस ना गं?" बाईने विचारलं.

"हो."

"तू कुणाची? बोलतेस तर आमच्यासारखीच."

"मी इथे शिकायला आले आहे, मावशी. लांब."

"एकटीच?"

"हो."

"मग तुला कशाला सांगायला हवं? तुझ्या आईला कुणी विचारलं घरात किती, तर तुला सोडून मोजेल का ती?"

पोरीला रडू येत होतं आणि रडायला वेळ नव्हता. मॅडम मोबाईलकडे बघत होत्या.

बाईला तिच्या गप्प बसण्यात काय ऐकू आलं कोण जाणे. आवाज एकदम सैल झाला तिचा.

"जाऊ दे. तुला कळलं, बास. आजवर सगळे परके विचारायचे, त्यांना काय सांगून उपयोग? आपलं माणूस बसलंय तिथे, आता मला घोर नाही. वेळेवर जेवत जा गं. ठेवते."

फोन बंद झाला. मॅडमनी वेळ थांबवली.

"तीन मिनिटं बावन्न सेकंद. छान! काय म्हणाली?"

पोरीने धाकट्याच्या नावाची शेवटची ओळ निवडली, बटण दाबलं. ओळ गेली.

"पाच."

"एवढं बोलली, आणि नुसतं पाच?"

"हो," पोरगी म्हणाली. "पाचच म्हणाली."