गावच्या दिव्यांची रेषा

दुपारी चार वाजता वेधशाळेच्या नियोजक यंत्रणेनं रात्री बघायच्या ताऱ्यांची यादी पाठवली. शर्वाणी खोतांनी मात्र कालचे वर्णपट उघडले. नेहमीप्रमाणे प्रत्येक ताऱ्याच्या प्रकाशात गावातल्या दिव्यांची पिवळी रेषा मिसळलेली होती.

"घुले, काल गावात वीज होती?"

"कुठली वीज, मॅडम! डीपी जळालीय. रात्रभर काळोख होता," दुर्बिणीचे तंत्रज्ञ घुले म्हणाले.

"मग ही रेषा कुठून आली? घुमटात शेवटचं कधी गेला होतात?"

"यंत्रणाच उघडते की घुमट."

दोघं वर गेले. घुमटाच्या मिटलेल्या दोन्ही झडपांना सांधून गांधीलमाश्यांचं भलंमोठं पोळं लटकलं होतं.

ते खाली परतले तेव्हा पडद्यावर नवी ओळ उमटली होती: 'आजची निरीक्षणं पूर्ण. आकाश रात्रभर स्वच्छ होतं.'

खिडकीतून ऊन थेट टेबलावर येत होतं.