चमच्यावरचं कुत्रं

नातवाच्या उष्टावणासाठी आष्टीच्या सुंदररावांनी नगरच्या छावणीतल्या लिलावातून जुना इंग्रजी चांदीचा चमचा आणला. चमच्याच्या पाठीवर, ओठ लागतात तिथंच, कुण्या साहेबाच्या घराण्याची खूण कोरलेली होती: तोंड मिटलेल्या कुत्र्याचं मुंडकं. ते घासून काढायचं काम त्यांनी युसूफ नक्षीवाल्याला दिलं.

ऐन उष्टावणाच्या सकाळी, पाहुण्यांदेखत, युसूफनं चमचा परत आणला.

"मालक, तीनदा घासलं. सकाळी परत येतंय. अन् दर खेपेला तोंड जास्तच उघडं दिसतंय. लेकराला यानं भरवू नका."

"चांदीच्या कुत्र्याला भेतो कावून बे? चाट बरं, आमी बघतो."

युसूफनं हात जोडले. दोघा गड्यांनी त्याचं डोकं धरलं आणि सुंदररावांनी चमचा त्याच्या तोंडात कोंबला.

गड्यांनी सोडताच युसूफ तोंड दाबून अंगणात पळाला. तिथून हातवारे करत तो जिवाच्या आकांतानं ओरडू लागला, पण शब्द काही उमटेना.

"लई नाटकी हाय," कुणीतरी म्हणालं. पाहुणे हसले.

सुंदररावांनी चमच्याला लागलेलं रक्त धोतराला पुसलं आणि तो खिरीत बुडवला. सुनेच्या मांडीवर रडणारं बाळ खिरीच्या वासानं गप्प झालं आणि त्यानं आपणहून तोंड उघडलं.