जमुनाबाईंचा कोसा

"आता आले? दोन महिने झाले, साहेब! कोनत्या बिळात बसले होते?"

जमुनाबाईंनी खुर्चीसुद्धा पुढे केली नाही. कस्टमचे लीलाधर साहेब मुर्री गावातल्या त्यांच्या गोदामात उभेच राहिले. त्यांच्या मुलाला, प्रफुलला, बरं वाटलं. परताव्याचे सात लाख अडकवून बसलेल्या माणसाला आईची जीभच हवी होती.

कोशाच्या, म्हणजे टसर रेशमाच्या, ओढण्या दुबईला गेल्या, की धाग्यावर भरलेली जकात सरकार परत करतं. रेशमाला परतावा घसघशीत, पॉलिस्टरला चिमूटभर. म्हणून प्रफुल गठ्ठ्यात वर चार ओढण्या कोशाच्या ठेवायचा, खाली सगळं सुरतचं पॉलिस्टर. पट्टीवर मात्र आईचंच नाव: 'जमुना कोसा'. पन्नास वर्षं तिने माग चालवला होता. बाजारात त्या नावाला शपथेचा भाव होता.

"तक्रार आली आहे," साहेब म्हणाले. "म्हणजे, पाकिटात कचराच निघाला. अक्षर एक नाही. पत्ताही छापील कागदातून कापून डकवलेला."

"कोनाच्या तरी पोटात दुखून राहिलं असंल," प्रफुल हसला.

"मंग तपासा ना," जमुनाबाई खेकसल्या. "पगार कायले घेता?"

साहेबांनी वरच्या ओढणीचा धागा ओढून काडी लावली. केस जळल्यासारखा वास सुटला. बोटांत राख भुरभुरली. अस्सल कोसा.

प्रफुलने तीच ओढणी घडी घालून पुढे केली. "वहिनींसाठी."

साहेबांनी ती दोनदा कुरवाळली आणि बॅगेत सरकवली. जमुनाबाई दाराकडे वळून पचकन थुंकल्या.

"झालं पाहून?"

"झालं, आजी. माल चोख आहे." साहेबांनी पेन उघडलं. आता एक सही, की सात लाख मोकळे. प्रफुलने श्वास सोडला.

जमुनाबाई गठ्ठ्यापाशी वाकल्या. कोपरापर्यंत हात आत खुपसून त्यांनी तळातली ओढणी उपसली, दातांनी धागा तोडला आणि काडी ओढली. धागा जळला नाही. वितळला, आक्रसला, आणि त्याचा काळा, टणक मणी झाला. तो त्यांनी साहेबांच्या कागदावर टाकला.

"आई!" प्रफुल ओरडला.

त्यांनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"वळखला का कचरा, साहेब? मले लिवता येत नाही, म्हून असेच सात मणी पाकिटात घालून धाडले होते."