सरळ चढ
चढावर योव्नाची बर्फगाडी तिसऱ्यांदा मागे घसरली. मागे जोडलेल्या घसरगाडीत त्याची बायको सुन्ना बाळंतकळा सोसत होती; धुक्यामुळे हेलिकॉप्टर येणार नव्हतं आणि दवाखाना डोंगरापलीकडच्या गावात. त्याची धाकटी बहीण राव्दना पाना घेऊन गाडीखाली शिरली. “सस्पेन्शनची पुढची वादी सैल करते, दादा. भार मागे रबरी पट्ट्यावर येईल, पकड मिळेल.” “गाडीने नाक उचललं तर वळवायची कशी?” “सरळ चढावर वळायचंय कशाला? तूच जड आहेस, उतर, मी चालवते.” त्याच्या गाडीला आजवर कुणी हात लावला नव्हता. “उतर की रे!” सुन्ना किंचाळली. तो उतरला. राव्दनाने वादी सैल केली आणि गाडी धुक्यात घातली. मग आवाजही विरला. पोहोचली की रुतली, कळेना. योव्ना चाकोरीतून धापा टाकत चढला. चाकोरी कुठेच विस्कटलेली नव्हती. माथा ओलांडून ती खाली गावाकडे उतरली होती. तो बर्फातच मटकन बसला.