छप्परवाल्याची जीभ

टेक्सासातल्या गारपिटीला तीन आठवडे झाले, तरी आम्हा छप्परवाल्यांना उसंत नव्हती. आज व्हर्नाआजीचं घर. विमा कंपनीचा पाहणीदार वर खडूनं गारांच्या खुणांभोवती गोल काढत होता. स्वयंपाकघरावरचा गळका उतार त्यानं पाहिलाच नाही. शेजारी मी गप्प. छप्परवाल्यानं घरमालकातर्फे विमावाल्याशी वाद घालायचा नाही, असा कायदा. बोललो तर धंदाच बसेल. "छप्पर बदलण्याइतकं नुकसान नाही, मॅडम," त्यानं वरूनच खाली ओरडून सांगितलं. आजी अंगणातून माझ्यावर डाफरली, "गारांनी जीभ झडली का रे?" "मला बंदी आहे, आजी. तुम्हीच बोला." "न बघता काय बोलू, कपाळ?" शिडी करकरली. ऐंशीची आजी सपातांनिशी चढली, थेट त्या उतारावर बसली, खळग्यात बोट घालून म्हणाली, "हे काय, कोंबडी टोचून गेली?" पाहणीदारानं पुन्हा खडू काढून तिथंही गोल मारला. मला घोर, हिला उतरवायचं कसं?