बेगमने पोळी खाल्ली

सकाळी सात वाजता कोठारेबाईंच्या मांजरीने शेजारच्या आपट्यांच्या दारात शिळी पोळी खाल्ली. सलग दुसऱ्या दिवशी.

"काय बेगम, आलीस ना ताळ्यावर?" वैशाली आपटे हसली. ही मांजर फक्त काटे काढलेली, कोमट मांदेली खायची. एकट्या राहणाऱ्या कोठारेबाई जिन्यात सगळ्यांना तोऱ्यात सांगायच्या, "आमची बेगम उपाशी मरेल, पण तुमची पोळी हुंगणार नाही." म्हणूनच काल वैशालीने पोळी खाणाऱ्या बेगमचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकला होता. सगळे हसले होते. फक्त कोठारेबाईंनी तो पाहिला नव्हता.

बेगम रिकामी ताटली चाटत राहिली, तेव्हा वैशालीचं हसू थांबलं. तिने नवऱ्याला हाक मारली. "अहो, हिला घरी कुणी खायला देत नाहीये."

दार तोडलं. कोठारेबाई ओट्यापाशी पडल्या होत्या. श्वास चालू होता.

"केव्हापासून पडून आहेत?" इस्पितळात डॉक्टरांनी विचारलं. "नीट आठवून सांगा, उपचार त्यावरच ठरणार आहेत."

"आज सकाळपासून," मुकुंद आपटे पटकन म्हणाले. डॉक्टर आत गेले, दार बंद झालं.

"अहो, पण मांजर तर काल..."

"गप्प बस. फोटो काढायला वेळ होता, मग शेजारचं दार का नाही वाजवलंत, असं विचारलं तर काय सांगशील?"

वैशाली डॉक्टरांच्या दारापर्यंत गेली. तिने ते अजून वाजवलेलं नाही.